मंगळवारची गोळी

भवानी पेठेतल्या त्या बोळात मंगळवारी संध्याकाळी चपलांचा खच पडे. चंद्रव्वाच्या अंगात देवी येते, हे सगळ्या पेठेला माहीत होते. ती केस मोकळे सोडून घुमायची, बायका नारळ पुढे ठेवून आपली गाऱ्हाणी मांडायच्या आणि तिचा दीर जोतिराम तिच्या तुटक बोलण्याचा अर्थ लावून सांगायचा.

चंद्रव्वाला मात्र वेगळेच माहीत होते. डोक्यात बोलणारा तो आवाज फक्त मंगळवारपुरता नसे. तो जेवू देत नसे, झोपू देत नसे. त्यानेच तिला एका दुपारी सात रस्ता चौकाच्या भर रहदारीत नेऊन उभे केले होते. पोलिसांनी सरकारी दवाखान्यात पोचवले. तिथल्या गोळ्यांनी आवाज विरत गेला, झोप आली, भाकरीला चव आली. आणि देवी बोलेनाशी झाली.

आज बायका जमल्यावर जोतिरामने वैजयंती सिस्टरांनाच बोलावून आणले. पेठेतल्या आरोग्यकेंद्रातून दर महिन्याला तिला गोळ्या देणाऱ्या त्या ह्याच.

"देवीच्या यात्रेपर्यंत गोळ्या बंद ठेव, चंद्रव्वा, म्हणजे देवी परत बोलेल," सिस्टर हळूच म्हणाल्या. "मग परत चालू करू."

"एक दिस चुकवू नगंस, असं तुमीच म्हनला हुता की."

"ते आजाराचं गं. हे देवाचं आहे." सिस्टरांनी पिशवीतून नारळ काढला. "आणि खरं सांगू? मला बदलीचं विचारायचंय. साहेब ऐकतच नाहीत."

चंद्रव्वाला हसू आले. "साहेब ऐकंना म्हनून मी येडी हू व्हय?"

"येडी कोन म्हंतंय, वैनी?" जोतिराम कळवळून म्हणाला. "लोक पाया पडत्यात तुमच्या!"

तो लबाड नव्हता. ती तळमळत असताना तोच उशाशी बसून राही. म्हणूनच त्याला नाही म्हणणे तिला इतके दिवस जड गेले होते.

तिने केस विंचरून घट्ट अंबाडा घातला. बायकांत कुजबूज झाली. फळीवरची गोळ्यांची पट्टी आणि पाण्याचा तांब्या घेऊन ती सगळ्यांसमोर बसली.

"बोल की गं, आई," एक म्हातारी हात जोडून म्हणाली.

"आई न्हाय, चंद्रव्वा बोलतीया. देवीला मी बी हात जोडते. पर देवी आपल्या लेकराला मोटारीफुडं ढकलंल व्हय?"

तिने गोळी तोंडात टाकली आणि वर घटाघटा पाणी प्यायली.

"कोप होईल!" सिस्टर ओरडल्या.

"माझ्यावर हू द्या. फुडच्या म्हयन्याच्या गोळ्या तेवढ्या येळेवर द्या. न्हाय दिल्या, तर केंद्राच्या दारात बसंन, आन का बसले ते येईल त्येला सांगंन."

बायका आपापले नारळ उचलून निघाल्या. जोतिराम रिकाम्या होत चाललेल्या दाराकडे बघत राहिला.

"आता मंगळवारी कोन यायचं हितं, वैनी?"

"कोन न्हाय आलं तरी चालंल, भावजी," चंद्रव्वा म्हणाली. "मी हाय की."