अंदमानची दोन नावं

केदारखेड्याच्या बसस्टँडसमोर बद्रीनाथ आणि कल्याण या दोघा भावांचं बी-बियाण्याचं दुकान. यंदा कपाशीच्या बियाण्याचं टार्गेट पुरं झालं आणि कंपनीनं एका जोडप्याला अंदमानची टूर दिली. पत्रकावर चित्र होतं सॅडल पीक राष्ट्रीय उद्यानाचं: डोंगरावरचं दाट जंगल थेट समुद्रात उतरलेलं. बद्रीनाथच्या बायकोनं, थोरल्या सुरेखानं, ते पत्रक तीनदा वाचलं. तिनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पण हौसमौज तरण्यांची; नावं जाणार ती धाकट्या कल्याणचं आणि त्याच्या बायकोचं, अर्पिताचंच, हे तिनं स्वतःच ठरवून टाकलं. लग्नाला दोन वर्षं झाली नाहीत तोच विमान! सुरेखाच्या पोटात दुखायला लागलं, आणि हे दुखणं ओवा खाऊन जाणारं नव्हतं.

दुपारी ती मेथी निवडत होती, तेव्हा धाकटी जाऊ वही-पेन घेऊन शेजारी बसली.

"ताई, तिथं चालणं लई हाय म्हणतात. जमंल का हो?"

घ्या! तयारीसुद्धा मोठ्या जावेकडूनच करून घ्यायची. सुरेखाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"आठ किलोमीटर चढ हाय. जळवा पायाला चिकटतात. खाडीत मगरी हायेत, एवढाल्या."

"पण समुद्र तर दिसंल ना?"

"खारं पाणी ते. त्यात काय पाह्यचं?"

अर्पिता जरा घुटमळली. "म्हंजी, तुम्हाला कुणी नेलं तर?"

"मला? फुकट नेलं तरी मी पाऊल टाकणार न्हाई. बिलकुल न्हाई!"

अर्पिता एवढंसं तोंड करून उठून गेली. सुरेखाला गार गार वाटलं. घाबरली एकदाची! आता ती नको म्हणेल, मग थोरल्यांचा नंबर. नवऱ्यानं विचारलं की चार आढेवेढे घ्यायचे आणि हो म्हणायचं. बायकांनी पहिल्या झटक्यात हो म्हणायचं नसतं, ही तर जुनी रीत.

संध्याकाळी बद्रीनाथ जेवायला बसला. "नावं पाठवली बरं का. कल्याणचं आन् अर्पिताचं."

भाकरी थापणारा हात थांबला. "ती तर भ्याली ना?"

"ती कशाला भिती? आठ दिवस झाले माझ्या मागं लागल्ती, ताईला न्या म्हणून. मी बी तयार होतो. तुला सरळ विचारायला लाजली, म्हणून वही घेऊन आडून विचारायला आल्ती. तू तर फुकट बी न्हाई म्हणली. आजच नावं द्यायची होती, मंग काय करणार?"

अहो, पुन्हा फोन लावा, असं सुरेखाच्या अगदी ओठांवर आलं. पण कोणत्या तोंडानं म्हणणार?

तेवढ्यात अर्पिता आत आली. "ताई, तिथून तुमच्यासाठी काय आणू?"

सुरेखाला तिचा राग आला नाही. पहिल्यांदाच स्वतःचा आला, आणि डोळे भरून आले.

"काही नको," ती खाली बघत म्हणाली. "समुद्राचा व्हिडिओ काढ. मोठा काढ."