न घेतलेलं माप

मिस्त्रीने इंजिनाच्या ऑइल चेंबरचा बोल्ट शेवटच्या आट्यापर्यंत सैल केला आणि हात चटकन बाजूला घेतला. काळं ऑइल खालच्या घमेल्यात पडायला लागलं. तिघेही त्या धारेकडे बघत राहिले. धार तुटली तेव्हा घमेलं काठोकाठ आलं होतं.

"भरपूर आहे," मिस्त्री म्हणाला.

थोरल्याची बायको दारातल्या स्टुलावर बसली होती. "त्यांना विचारा, इंजिन बाहेर काढल्यावर भरलं का," ती म्हणाली.

'ते' म्हणजे तिचा दीर. तो तिच्यापासून चार हातांवर भिंतीला टेकून उभा होता. महिना झाला, ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. काही विचारायचं झालं तर असं तिसऱ्याच्या तोंडून. दोघं समोरासमोर असूनही तिसरा माणूस शोधायला लागावा, यासारखा छळ नाही.

"नाही भरलं," धाकटा म्हणाला, तेही मिस्त्रीकडे बघून.

हे इंजिन याच मिस्त्रीने दुरुस्त करून बोटीत बसवलं होतं. अकराव्या दिवशी ते बंदराच्या तोंडाशी जाम झालं आणि लाटांनी बोट खडकांवर नेऊन आपटली. धाकटा पोहून बाहेर आला. थोरला आला नाही. बोट खडकांत अडकून राहिली म्हणून इंजिन तेवढं हाती लागलं. रोज सकाळी पट्टी काढून ऑइल बघायचं काम धाकट्याचं. तेव्हा धक्क्यावरच्या शहाण्यांनी दोन दिवसांत निकाल लावून टाकला: याने ऑइल बघितलं नाही आणि सख्खा भाऊ घालवला. थोरल्याच्या बायकोने त्यावर होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ती फक्त मिस्त्रीला म्हणाली होती, इंजिन पुन्हा बांधायचंय, पण आधी माझ्यासमोर उघडा आणि सांगा.

मिस्त्रीने खालून पहिलं बेअरिंग मोकळं केलं. ते वितळून क्रँकला, इंजिनाच्या फिरत्या दांड्याला, चिकटलं होतं. ऑइल संपलं की असंच होतं, हे धक्क्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे; घमेल्यातलं ऑइल नंतर भरलेलं, असंच कुणीही म्हटलं असतं. धाकट्याने मान खाली घातली.

मग मिस्त्रीने दुसरं बेअरिंग उघडलं. हे वितळलं नव्हतं, पण एकाच कडेने खाल्लं गेलं होतं. दुसरी कड नव्यासारखी चकचकीत. त्याने ते उजेडात धरलं, उलटंसुलटं केलं. क्रँकची ती बाजू फडक्याने पुसली. मग पेटीतून मायक्रोमीटर काढला, या टोकाला लावला, त्या टोकाला लावला, आणि परत पहिल्या टोकाला लावला. एक टोक केसभर जाड होतं. केसभर म्हणजे खरोखरच एका केसाएवढं. त्या टोकाला ऑइल शिरायला जागाच नव्हती.

"काय झालं?" तिने विचारलं.

"उद्या सांगतो. खात्री करून."

खात्री झाली होती. ती उठून गेली तरी मिस्त्री फडक्याने हात पुसतच होता.

धाकटा मात्र गेला नाही. "मिस्त्रीदादा," तो हळूच म्हणाला, "पट्टी मी रोज बघायचो. पण त्या दिवशी बघितली का, ते आता मलाच सांगता येत नाही. दादा नुसता चल चल करत होता. आणि नंतर सगळ्यांनी इतक्यांदा विचारलं की... आता मलाही वाटतं, नसेलच बघितली."

उत्तर मिस्त्रीच्या ओठांवर होतं. त्याने ते गिळलं, आणि त्याची त्यालाच शरम वाटली.

"घरी जा आता," तो म्हणाला.

"घरी नाही, हल्ली जाळ्यांच्या खोलीत झोपतो मी," धाकटा म्हणाला आणि गेला.

या इंजिनाचा क्रँक घासून दिला होता उस्तादांनी. मिस्त्री त्यांच्याच हाताखाली शिकला होता. बंदरावरचा प्रत्येक क्रँक त्यांच्या मशीनवरून जायचा, आणि तो तेलकट फडक्यात गुंडाळून आला की डोळे झाकून बसवायचा, अशी रीत होती. उस्तादांच्या कामाला माप लावणं म्हणजे आईने वाढलेलं जेवण वजनकाट्यावर ठेवणं. बावीस वर्षांत मिस्त्रीने ते कधी केलं नव्हतं, आणि हे तो अभिमानाने सांगायचा.

दुपारी तो क्रँक खांद्यावर टाकून उस्तादांकडे गेला. मशीनवर चादर पांघरलेली होती. उस्ताद बाजूच्या बाकावर बसून चहा पीत होते. मिस्त्रीने क्रँक त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला. उस्तादांनी सवयीने अंगठा फिरवला, आणि चेहरा वाकडा केला.

"कुणी केलंय हे गाढवकाम? निमुळतं घासलंय लेकाच्याने."

उस्तादांचा अंगठा पुढे सरकत क्रँकच्या टोकापर्यंत गेला. तिथे पोगराने, टोकदार छिन्नीने, ठोकलेला एक बारीक ठिपका होता. आपल्या हातून गेलेल्या प्रत्येक क्रँकवर उस्ताद तो ठिपका ठोकायचे. अंगठा तिथेच थांबला.

चहाचा पेला उस्तादांनी जमिनीवर ठेवला, तो जरा कलंडला.

"त्या बोटीचा?"

"हो."

"नेताना मी तुला म्हटलं होतं. एकदा माप लावून घे म्हणून."

"हो."

"आणि तू हसलास."

"मला वाटलं, चेष्टा करताय."

"चेष्टा कसली, बाबा. मापावरच्या रेघा एकात एक जायला लागल्या होत्या. कुणाला सांगणार? तुला सांगितलं." उस्तादांनी अंगठा चोळला, जणू तो ठिपका निघून येणार होता. "ऑइल नव्हतं असं ऐकलं ना, तेव्हा बरं वाटलं मला. माणूस गेलेला, आणि मला बरं वाटलं."

मिस्त्रीने क्रँक उचलला.

"माझं नाव सांग," उस्ताद पाठमोऱ्या मिस्त्रीला म्हणाले. "लपवू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच स्टुलावर बसली होती आणि धाकटा त्याच भिंतीला टेकून उभा होता. मिस्त्रीने क्रँक तिच्यासमोर लाकडावर ठेवला, मायक्रोमीटर लावला, आकडा दाखवला. मग दुसऱ्या टोकाला लावून पुन्हा दाखवला. तिने दोन्ही आकडे नीट वाचले.

"म्हणजे ऑइल असूनही..."

"हो. काठोकाठ असलं, तरी हेच होणार होतं."

"चूक कुणाची?"

"घासताना उस्तादांचं चुकलं. त्यांना नीट दिसत नाही आता. पण माप घे, असं त्यांनी मला सांगितलं होतं. मी घेतलं नाही."

"किती वेळ लागतो माप घ्यायला?"

"आत्ता लागला तेवढाच," मिस्त्री म्हणाला.

तिने मान हलवली. शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. ती उठली, पदर सावरला. "परत बांधाल तेव्हा मला बोलवा. सगळी मापं माझ्यासमोर घ्यायची."

"हो."

धाकटा अजून भिंतीलाच टेकून होता. आता तो सुटला, असं मिस्त्रीला वाटलं होतं, पण त्याच्या तोंडावर तसं काही दिसेना.

"मिस्त्रीदादा," त्याने विचारलं, "मग त्या दिवशी मी पट्टी बघितली होती?"

"ते यावरून नाही कळत," मिस्त्री म्हणाला. एक खोटं कालच बोलून झालं होतं, दुसरं त्याच्याच्याने होईना.

ती दारापर्यंत गेली होती. तिथून मागे फिरली आणि महिन्यात पहिल्यांदा दिराकडे सरळ बघून बोलली.

"बघितली होती, भाऊजी. चला घरी."

धाकटा भिंतीपासून सुटला आणि तिच्यामागून चालायला लागला.