सव्वा मूठ गहू

श्रावणात कानबाई देवीचा सण जवळ आला की सुरतेतल्या उधन्याच्या आमच्या गल्लीतल्या खानदेशी बाया आधी गव्हाला लागतात. देवीच्या नैवेद्याच्या रोटाचा गहू काही साधासुधा नसतो. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा सव्वा मूठ घ्यायची. तान्हं पोर असलं तरी त्याची मूठ पडते. मग तो गहू न्हाऊन-धुऊन निवडायचा. चक्कीवाला गुजराती, पण तोही त्या दिवशी चक्की धुऊन देतो. सुरतेत प्लेग येऊन गेला त्याच्या पुढच्या साली उखाच्या ओट्यावर गहू मोजता मोजताच भांडण जुंपलं.

उखा आमचा भाऊबंद, घराला घर लागून. लूमवर उभं राहून पायाच्या शिरा फुगल्या, पण माणूस शब्दाचा पक्का. त्याने आपली मूठ घातली, धाकट्या लेकाची, योगराजची घातली, योगराजच्या पोराची घातली आणि पोत्याचं तोंड बांधायला घेतलं.

"आखो एक ऱ्हायनी," त्याची बायको धुरपदाबाई म्हणाली.

"मना घरना माणसं सरनात."

"चिंध्यानी मूठ टाकाले काय जास तुमनं?"

"चोरनी मूठ देवीले चालत नही."

धुरपदाबाईने सूप आपटलं आणि पदर डोळ्याला लावला. दरसालचं होतं हे. आम्ही शेजारी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

चिंधा उखाचा थोरला. आधीची दोन लेकरं जगली नाहीत, म्हणून याचं नाव चिंधा ठेवलं. मरणाची नजर पडू नये म्हणून. मरणाची पडली नाही, पण गावाची पडली. गावाकडे शेंगा उपटायचा, कोंबड्या पळवायचा, आणि एकदा तर पाटलाची कडब्याची गंजी पेटवून दिली. उखाने बैलगाडीच्या चाकाला बांधून मारला. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असं गाव म्हणालं आणि मोकळं झालं. सुरतेला आल्यावर लूमच्या खात्यातला कापडाचा ताका चोरताना सापडला, आत जाऊन आला. उखाने त्याच दिवशी त्याला घरातून काढला आणि रोटातूनही काढला.

पुढे पोरगं सुधारलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण उपयोग काय? उधन्यात कुठेही ताका गेला की पोलीस उखाच्या दारात. उखाचं उत्तर ठरलेलं, इथे कोणी चिंधा राहत नाही. मुकादम लूम देईना. चलथाणकडची एक सोयरीक जमत आली होती, तीही कोणीतरी जुनं उकरून मोडली. शेवटी तो हजिऱ्याकडे एका ठेकेदाराच्या हाताखाली बांधकामावर लागला. पत्र्याच्या झोपडीत राहायचा, हाताने भाकरी थापायचा.

त्या दिवशी भांडण चालू असतानाच तो आला. ओट्याच्या खालीच उभा राहिला. कपडे धुतलेले, डोक्याला तेल.

"बाबा, यंदा मनी मूठ टाका," तो म्हणाला. "मी आते कष्टनी भाकर खास."

उखा गाठ मारत राहिला. मी मध्ये पडलो, म्हटलं, "उखा, दहा वर्षांचं पोर आणि तीस वर्षांचा माणूस, एक कसा रे?" तो माझ्यावरच खेकसला. मग जरा थांबून, वर न बघता म्हणाला, "एक साल नीट ऱ्हाय. पुढला साले टाकसू."

चिंध्याचा चेहरा केवढा खुलला होता. नकाराने इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. आईच्या पाया पडला आणि पावसात चालत गेला.

पुढच्याच रविवारी सकाळी कानबाई बसवायला उखाच्या घरात चौरंग मांडला होता. नवसारीपासूनचे भाऊबंद जमले होते, पुरणाचा वास सुटला होता. तेवढ्यात एक चिखलाने भरलेला माणूस दारात आला.

"चिंधाभाई का घर यही है क्या?"

"यहाँ कोई चिंधा नहीं रहता," उखा म्हणाला. सवयीनेच म्हणाला.

तो माणूस गोंधळला. "उसने तो घर यही बताया था, चाचा. सुबह परांची से गिर गया. गुजर गया."

धुरपदाबाई होती तिथेच बसली. 

बाया हात आखडून उभ्या राहिल्या. कुळात सुतक पडलं की कानबाई बसत नाही, लहान पोरालाही ठाऊक. भाऊबंदांत सगळ्यांत वडीलधारे होते दगाआबा. ते उखाजवळ सरकले. वाईट माणूस नव्हे, पण व्यवहारी.

"उखा, तू त्याले कधीच रोटमातीन काढी टाकं. जो रोटमा नही, तो आपला नही. मंग सुतक कसानं? एवढा भाऊबंद लांबथीन येल शेतस. देवीले बसू दे."

सगळे उखाकडे बघत होते. आबांनी उखाचाच शब्द त्याच्यापुढे ठेवला होता. 'हो' म्हटलं असतं तर देवी बसली असती, पंगत उठली असती, आणि पोरगं बेवारशी जळलं असतं.

उखाने मान वर केली. "मना आंडोर मरी गया, आबा. सुतक शे. देवीले बसाडू नका."

मग तो आत गेला आणि गव्हाच्या पोत्यात हात घातला. एक मूठ घेतली, वर पाव मूठ घेतली आणि उपरण्याच्या टोकात बांधली.

दुपारी तापीच्या घाटावर सरण रचलं. उखाने गाठ सोडून तो गहू चिंध्याच्या तळहातावर ठेवला. बोटं ताठली होती, मिटेनात. उखाने ती आपल्या दोन्ही हातांत धरून मिटवली, पण हात काढला की ती पुन्हा उघडायची. कितीतरी वेळ तो तसाच वाकून ती मूठ धरून राहिला, आणि गहू लाकडांवर सांडत होता.