मयुरीचा दम आणि माझा जळफळाट

मित्रांनो, राजुऱ्याच्या एका शाळेत खेळाच्या खोलीत भिंतीला टेकून उभा असलेला जुना कॅरम बोर्ड तो मीच. मुखरू सुताराने सागाच्या पट्ट्यांची चौकट ठोकून मला घडवले. नवा होतो तेव्हा माझ्यावर सोंगटी अशी सरकायची, की मुले पाहतच राहायची.

सर्वांत सुंदर खेळायची ती सहावीतली मयुरी. तिला दमा होता. जिना चढला तरी धाप लागायची, म्हणून मैदानावर तिला कोणी संघात घेत नसे. मधल्या सुट्टीत ती थेट माझ्याकडे यायची. तालुक्याच्या स्पर्धेत ती पहिली आली, तेव्हा मुख्याध्यापकांनी मलाही थोपटले. ही मुलगी आता माझीच, असे मला वाटू लागले.

मग रंजीता मॅडम खेळ शिकवायला आल्या आणि त्यांच्यासोबत फुटबॉल आला. चिखलाने माखलेला, दिवसभर लाथा खाणारा! तरी सगळी मुले त्याच्याच मागे. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एके दिवशी शाळेत आरोग्य तपासणी झाली. डॉक्टरांनी प्रत्येकाला फुप्फुसांची ताकद मोजणाऱ्या, काटा असलेल्या एका नळीत जोराने फुंकायला लावले. रोज मैदानावर धावणाऱ्या पियुषने फुंकले, तर काटा सरसर वर गेला. मयुरीचा काटा खालीच अडला. ती बराच वेळ त्या काट्याकडे पाहत राहिली.

"मॅडम, मले बी खेळायचं हाये," ती म्हणाली.

ते कळताच दुसऱ्या दिवशी तिची आई आशाबाई शाळेत आली. "पोरीले बसल्या जागी धाप लागते. तुमी तिले पळवता काऊन? कॅरम खेळते तेच बरं हाये."

मी मनातल्या मनात आशाबाईला शाबासकी दिली.

"बाई, मी डॉक्टरांना विचारलंय," मॅडम म्हणाल्या. "कॅरमनं नजर तयार होते, हात तयार होतो. पण छातीले मेहनत नाई होत. दम्याचा पंप वेळेवर घेऊ द्या अन् हळूहळू खेळू द्या. धाप लागली का थांबवू."

आशाबाई मयुरीला म्हणाली, "मी रोज कडेले बसीन. मंग खेळ."

खिडकीतून मी सारे पाहत होतो. मयुरी आधी नुसती चालली, मग थोडी धावली. एकदा छाती धरून खालीच बसली. आशाबाई पंप घेऊन धावली. मला वाटले, आता येईल ही माझ्याकडे. पण थोड्या वेळाने ती उठली आणि चेंडूच्या दिशेने गेली. माझ्यावर धूळ साचत गेली. एका कोपऱ्यातली जाळी उंदरांनी कुरतडली.

पुढच्या वर्षी पुन्हा तपासणी झाली. मयुरीचा काटा पियुषइतका वर गेला नाही, पण मागच्यापेक्षा बराच वर गेला. आशाबाईने पदराने डोळे टिपले.

त्याच दुपारी मयुरी पियुषला ओढत माझ्याकडे घेऊन आली. "चाल, एक बोर्ड होऊन जाऊ दे!"

ती नेम धरायला वाकली. पूर्वी ती अशी वाकली की तिच्या छातीतली शिट्टी मला ऐकू यायची. मी कान देऊन ऐकले. शिट्टी नव्हती. स्ट्रायकर सुटला आणि राणी जाळीत पडली.

मित्रांनो, त्या फुटबॉलचा मला अजूनही हेवा वाटतो. जे त्याने तिला दिले, ते मला कधीच देता आले नसते. म्हणून सांगतो, आधी मैदानावर जा. भरपूर धावा, घाम गाळा. मग माझ्याकडे या, मी वाट पाहीन. येताना हात तेवढे पुसून या.