गिरणीच्या दारातला मुका

मित्रांनो, सुरतच्या लिंबायत भागात, लूमच्या कारखान्यांमागच्या एका अरुंद गल्लीत जुनी पिठाची गिरणी उभी आहे, ती मी. माझा रंग उडाला आहे, पण आवाज अजून शाबूत आहे. गुजराती लोक गिरणीला 'घंटी' म्हणतात. खानदेशातून नवी आलेली माणसं 'घंटी कुठे?' असं विचारणाऱ्या गुजराती बायकांना सरळ देवळाचा रस्ता दाखवत. मग त्या बायका गव्हाचा डबा डोक्यावर घेऊन देवळाला वळसा घालून माझ्याकडे येत आणि आल्या आल्या माझ्यावरच रागावत.

माझा जन्म राजकोटकडच्या एका कारखान्यात झाला. लोखंडाचं अंग, दगडाची दोन चाकं आणि शेजारी मोटर. माझी मोटर दहा हॉर्सपॉवरची होती. गर्वाने सांगत नाही, पण मी सुरू झाले की समोरच्या पानाच्या टपरीवरच्या बरण्या आपोआप थरथरू लागत. शालिग्राम नावाच्या माणसाने मला विकत घेतलं. तो धरणगावकडचा. आधी लूमवर कामाला होता, मग साठवलेल्या पैशांतून त्याने मला आणलं आणि माझ्या कपाळावर कुंकवाचं बोट ओढलं. त्याची बायको धुरपदाबाई हिने पहिल्याच दिवशी माझ्यात ज्वारी आणि उडीद मिसळून दळले. त्या कळण्याच्या पिठाचा वास मला इतका आवडला, की मी त्याच दिवशी खानदेशी झाले.

मित्रांनो, गिरणी म्हटली की दारात मागणारे आलेच. पीठ समोर दिसतं आणि ओंजळभर दिल्याने कुणाचं काही जात नाही. शालिग्राम तर इतका मऊ माणूस, की मागणाऱ्याने तोंड उघडायच्या आत याचा हात पिठात. लोक त्याला भोळा म्हणत. धुरपदाबाई मात्र वेगळी होती. "मले कोनी फसाडू शकत नही," असं ती दिवसातून एकदा तरी म्हणायचीच, आणि ते खरंही होतं.

एक माणूस दर महिन्याला यायचा. उधना स्टेशनवर खिसा कापला, भुसावळचं तिकीट काढायला पैसे नाहीत, असं डोळ्यांत पाणी आणून सांगायचा. धुरपदाबाई म्हणाली, "भाऊ, आमच्या गल्लीत पगार उशिरा होतात, पण तुझा खिसा अगदी वेळेवर कापला जातो!" तो पुन्हा आला नाही. एक आंधळा यायचा, काळा चष्मा लावून. एकदा शालिग्राम त्याला पीठ तोलून देत होता, तर तोच म्हणाला, "शेठ, काटा झिरोवर नाही." धुरपदाबाईने त्याचा चष्मा काढून त्याच्याच खिशात ठेवला आणि त्याला गल्लीच्या टोकापर्यंत पोचवून आली.

सुरतेत प्लेग आला त्या वर्षी सगळी गल्ली गावी पळाली. मी कुलपाआड बसून उंदरांच्या गप्पा ऐकल्या. पुढे माणसं परतली, लूम खडखडू लागले, आणि त्याच सुमारास माझ्या दारात तो मुका आला.

काडीसारखा अंगाचा, गुडघ्यापर्यंत धोतर, हातात जर्मनचं भांडं. तो पायरीवर बसला, घशाकडे बोट दाखवून "आँ… आँ…" म्हणाला आणि मग कानांवर हात ठेवून मान हलवली. म्हणजे ऐकूही येत नव्हतं. धुरपदाबाईने त्याची परीक्षा घेतली. त्याच्या पाठीमागे पाच किलोचं लोखंडी वजन दाणकन आपटलं. मी स्वतः दचकले, तो नाही. ती "साप! साप!" म्हणून ओरडली. शालिग्राम पिठाच्या डब्यावर चढला, मुका तसाच बसून राहिला. शेवटी धुरपदाबाईने निकाल दिला, "हा खरा आहे." आणि स्वतः वाकून त्याच्या भांड्यात पीठ घातलं.

त्या दिवसापासून तो आमचा झाला. रोज नाही यायचा, कारण इतर गिरण्यांचीही त्याला फेरी असायची. पण आला की दोन-दोन तास बसायचा. आणि मग एक गंमत सुरू झाली. लोक त्याच्याशी बोलू लागले. ज्याला ऐकू येत नाही आणि ज्याला सांगता येत नाही, अशा माणसाशी बोलण्यात फार सुख असतं, हे मी तेव्हा पाहिलं. पानटपरीवाला बन्सीलाल त्याला सांगायचा, की आपले केस काळे नाहीत, दर रविवारी रंगवावे लागतात. अनुसया नावाची सून त्याला सांगायची, "सासूला वाटतं मला भाकरी आवडत नाही. अरे, मला थापताच येत नाही!" शालिग्राम त्याच्या कानाशी बसून हसत सांगायचा, "हिला वाटतं मी गुरुवारी भजनाला जातो. मी पिक्चरला जातो, पिक्चरला! आणि येताना देवळाबाहेरून बुक्का लावून येतो."

धुरपदाबाईसुद्धा बोलायची. दुपारी मी बंद असताना, आजूबाजूला कुणी नाही असं बघून. तिला मूल नव्हतं. त्यावरून नणंद काय बोलली, ते तिने नवऱ्याला कधी सांगितलं नाही, पण या मुक्याला सांगितलं. सांगून झालं की पदराने डोळे पुसून ती त्याला ओंजळभर जास्त पीठ द्यायची. तो खाली मान घालून भांड्याकडे बघत राहायचा.

आता माझ्यावर आलेलं संकट सांगते. मुका येऊ लागल्याला दोन वर्षं झाली होती. एका बुधवारी लाइट बंद होती. सगळे लूम गप्प होते आणि कामगार ओट्यांवर पत्ते खेळत होते. शालिग्राम सकाळीच पलसाण्याला किसनमामाची तब्येत बघायला म्हणून निघाला होता. दुपारी एक माणूस माझ्या दारात आला. निळा कोट, हातात पाने-पकडींची पिशवी, मागे हातगाडी ढकलणारा एक हमाल. त्याने नाव सांगितलं कुंदन.

"ताई, उधन्याच्या वर्कशॉपमधून आलो. या गल्लीतल्या मोटरी तपासतोय," तो म्हणाला. त्याने माझ्या मोटरीवर हात ठेवला आणि वैद्यासारखे डोळे मिटले. "हिचं बेअरिंग गेलंय. लाइट आली की जळणार."

मित्रांनो, माझं बेअरिंग उत्तम होतं! मी ओरडून सांगितलं असतं, पण लाइटशिवाय मला आवाज नाही.

धुरपदाबाईने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मी कुणावर असा भरोसा ठेवत नाही," ती म्हणाली.

"अगदी बरोबर!" कुंदन एकदम खूश झाला. "ठेवूच नका. ताई, हल्ली फार ठग फिरतात. परवाच डिंडोलीत एका बाईला फसवलं. भोळी होती बिचारी. तुमच्यासारखी हुशार असती तर फसली असती का? तुम्ही मलासुद्धा विचारा. कुठला, कोण, सगळं विचारा."

धुरपदाबाईने विचारलं. तो अमळनेरकडचा निघाला. तिच्या मावशीचं गाव त्याला माहीत होतं, गावातला पार माहीत होता, आणि पाराजवळच्या विहिरीचं पाणी खारं आहे हेही माहीत होतं. खरं म्हणजे विहीर खारी आहे हे तिनेच आधी सांगितलं होतं, पण ते तिच्या लक्षात आलं नाही. पाचच मिनिटांत ती त्याला चहा देत होती आणि तो माझे नट सोडत होता. एक नट घट्ट बसला होता, तर तिने स्वतः पाना धरला!

"वर्कशॉपला नेतो आणि लाइट यायच्या आत नवं बेअरिंग घालून बसवून देतो, ताई," असं म्हणत त्याने पट्टा उतरवला, तारा सोडल्या आणि हमालाच्या मदतीने माझी मोटर हातगाडीवर ठेवली. काय सांगू मित्रांनो, काळीज काढून नेल्यासारखं झालं.

मुका पायरीवरच बसला होता. त्याला पाहून कुंदन जरा थबकला, मग ओळखीचं हसला. त्या दोघांची गाठ आधी पडली होती, हे मला नंतर कळलं. दुसऱ्या एका गिरणीतून हाच कुंदन अशीच मोटर घेऊन गेला, तेव्हाही मुका तिथल्या पायरीवर होता. पण मुका काय सांगणार? कुंदनने ऐटीत त्याच्या भांड्यात नाणं टाकलं. "गरिबाला द्यावं, ताई," तो म्हणाला आणि हातगाडी ढकलायला लागला.

मुका उठला. त्याने धुरपदाबाईचा पदर ओढला. मोटरीकडे बोट दाखवलं, हातगाडीकडे दाखवलं, हाताने गळा कापल्याची खूण केली. "आँ! आँ! आँ!"

"अरे, आज लाइट नाही. पीठ उद्या," धुरपदाबाई म्हणाली.

त्याने दोन्ही हात गोल गोल फिरवले.

"चक्कर येते का? पोटात दुखतं का? थांब, ओवा देते."

हातगाडी बन्सीलालच्या टपरीपुढून गेली. मुका तिच्याकडे बघत होता, मग माझ्या रिकाम्या जागेकडे बघत होता. दोन वर्षांची रोजची भाकरी त्या गप्प गळ्यात होती, मित्रांनो. मग त्याने भांडं खाली आपटलं आणि छाती फुटेल एवढ्याने ओरडला,

"धरा रे त्याले! चोर शे तो! मोटर चोरी लई चालना!"

लूम चालू असते तर ते कुणालाच ऐकू गेलं नसतं. पण त्या दिवशी सगळी गल्ली शांत होती. पत्ते खेळणारे कामगार पत्त्यांसकट धावले. राघो नावाचा कामगार सगळ्यात पुढे होता, हातात हुकुमाचा एक्का. कुंदनने गाडी पळवायचा प्रयत्न केला, पण चाक गटारात रुतलं. तेव्हा गाडी आणि एक चप्पल तिथेच टाकून तो रिक्षात उडी मारून पळाला. हमाल हात जोडून म्हणाला, मला तर भाड्याने आणलंय.

एकटी धुरपदाबाई जागची हलली नव्हती. ती मुक्याकडे बघत होती.

"तू… तू बोलस?"

"ते मंग बोलसूत, बाई! पहिले मोटर उतारा!" मुका म्हणाला.

मोटर परत आली. चार जणांनी ती माझ्या शेजारी ठेवली. आणि मग सगळी गल्ली मुक्याकडे वळली.

"नाव काय रे तुझं?" राघोने दरडावलं.

"मारुती."

"दोन वर्षं फुकट पीठ खाल्लंस! मुका म्हणे!" बन्सीलालने पायातली चप्पल काढली.

मारुतीने खाली पडलेलं भांडं उचललं. "पहिले बोलीसनच मांगे, दादा. पन बोलनारा माणूसले कोनी काय देत नही. सगळा म्हनतस, काम कर. कामवर गया, ते म्हनतस, अंगमा जीव नही. मुकाले कोन काय म्हनी?"

"थांब, तुला शिकवतो!" बन्सीलालने चप्पल उगारली.

मारुतीने मान वर केली आणि बन्सीलालच्या केसांकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. बन्सीलालचा हात वरच थांबला. मग त्याने चप्पल हळूच खाली ठेवली, पायात घातली आणि म्हणाला, "तसा वाईट नाही बिचारा."

आता एकेकाला आठवू लागलं. कुणी घसा साफ केला, कुणाला घरी काम आठवलं. अनुसयेची सासू पुढे येत होती, तिला अनुसयेनेच मागे ओढलं. "जाऊ द्या ना सासूबाई, मोटर वाचवली त्याने!" दोन मिनिटांत सगळी गल्ली मारुतीच्या बाजूने बोलू लागली.

संध्याकाळी शालिग्राम परत आला, कपाळाला बुक्का लावून. सगळा प्रकार ऐकून त्याचा चेहरा माझ्या पिठापेक्षा पांढरा झाला. मोटरीसाठी नव्हे.

धुरपदाबाईने कमरेवर हात ठेवले. "मारुती, आता खरं सांग. हे तुझ्या कानात काय सांगायचे?"

मारुतीने तोंड उघडलं. शालिग्रामकडे पाहिलं. तोंड मिटलं. मग घशाकडे बोट दाखवून म्हणाला, "आँ… आँ…"

गल्ली इतकी हसली, की वाटलं मी चालू झाले. धुरपदाबाईही हसली, पण नवऱ्याला एवढंच म्हणाली, "किसनमामा तब्येत बघायला येणाऱ्याला बुक्का लावतात वाटतं?" पुढच्या गुरुवारी ती शालिग्रामबरोबर 'भजनाला' गेली. दोघांना पिक्चर आवडला असावा, कारण पुढे ती दर गुरुवारी जायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, माझ्याजवळ कुणी नसताना, ती पायरीवर मारुतीजवळ बसली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. आदल्या दिवशी आपण स्वतःच्या हाताने पाना धरला, याची लाजही त्यात होती.

"आणि मी जे सांगितलं होतं… ते?"

मारुती भांड्याकडे बघत राहिला. "बाई, मी मुका व्हतू," तो म्हणाला. "आनि बहिरा बी."

ती आत गेली, आणि त्याच्या भांड्यात पीठ घालण्याऐवजी ताटात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आली.

मारुती माझ्याकडे कामाला राहिला. डबे तोलायचे, पीठ झाडायचं आणि दारात येणाऱ्याला ओळखायचं. ठगांच्या साऱ्या युक्त्या त्याला पाठ होत्या. बन्सीलाल, शिंपी, दूधवाला, सगळे अडचण आली की त्याला बोलावून नेत. पण तो सगळ्यांनाच हाकलत नसे. एखाद्याकडे बघून म्हणायचा, "याले द्या, हा भुकेला शे." धुरपदाबाईने विचारलं, कशावरून? तो म्हणाला, "हा भाकर मांगी राहिना. पीठ मांगणारा नंतर ते बजारमा इकस." हे त्याला कसं ठाऊक, ते तिने विचारलं नाही.

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले. पाकिटातलं पीठ आलं, घरोघरी छोट्या गिरण्या आल्या. माझ्या झिजून गुळगुळीत झालेल्या दगडांना टाकी लावायला माणूस मिळत नाही. तक्रार करत नाही. तुमच्या गल्लीत अजून एखादी गिरणी चालू असेल, तर एखाद्या दिवशी डबा घेऊन जा. दळण होईपर्यंत थांबा. कुणी गोड बोलून तुमच्या हुशारीचं कौतुक करू लागला, तर मोटरीवर हात ठेवा. आणि पायरीवर कुणी बसलेलं असेल, तर त्याचं नाव विचारा. आमच्या गल्लीने मारुतीला दोन वर्षं पीठ दिलं, आपली सगळी गुपितं दिली, पण तुझं नाव काय, हे खुणेनेसुद्धा कुणी विचारलं नव्हतं.