छाटलेला कोपरा

मित्रांनो, मी भोकं पाडलेला एक जुना पुठ्ठा आहे. परीक्षा केंद्रात मोठ्या माणसांचे पेपर माझ्या मदतीने तपासतात. मला उत्तरपत्रिकेवर ठेवायचं. भोकातून पेन्सिलीची खूण दिसली तर उत्तर बरोबर, नाही तर चूक.

मला केंद्रातल्या जुन्या बाईंनी घडवलं. मी उलटा, म्हणजे खालची कड वर करून, ठेवला जाऊ नये म्हणून त्यांनी माझा वरचा उजवा कोपरा छाटला. त्या कौतुकाने म्हणायच्या, ‘‘याला ना मामा, ना मावशी. याच्यापुढे वशिला चालायचा नाही.’’ मुलांचे पेपर माझा धाकटा भाऊ तपासायचा.

बाई निवृत्त झाल्या. मुलांचे पेपर संगणकाकडे गेले आणि भाऊ रद्दीत गेला. मोठे परीक्षार्थी मोजकेच, म्हणून मी उरलो. एरवी मी नव्या सरांच्या चहाच्या कपावर झाकण असतो. वाफेने माझा खालचा डावा कोपराही गळून पडला. आता मी उलटा काय नि सुलटा काय, सारखाच दिसतो.

परवा इस्पितळात फरशी पुसणाऱ्या एक मावशी परीक्षेला आल्या. सोबत शाळकरी लेक होती. पास झाल्या, तर रुग्णसेवेच्या वर्गात प्रवेश मिळणार होता आणि प्रवेशाचा तो शेवटचा दिवस होता.

सरांनी कप उचलला, मला पुसलं आणि पेपरवर ठेवलं. उलटा.

मावशींच्या ठसठशीत खुणा माझ्या पोटाखाली दबल्या. भोकांतून बहुतेक कोरा कागदच दिसत होता. मला सगळं कळत होतं. पण पुठ्ठ्याला कुठलं तोंड?

‘‘काय हे मावशी? अंदाजपंचे ठोकलंत की काय?’’

‘‘नाही हो सर. नीट वाचून केलं होतं.’’

‘‘मग याला विचारा. याला ना मामा, ना मावशी.’’

मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी उचलली. दारात लेक म्हणाली, ‘‘पण आई, माझी गणितं रोज तूच तपासतेस की.’’

‘‘तीही चुकली असतील गं. उद्या तुझ्या बाईंना पुन्हा दाखव.’’

मी परत कपावर गेलो.

मित्रांनो, माझ्यासारखी वस्तू कधी तुमच्या हाती आली, तर आधी तिचे कोपरे बघा. आणि समोरचं माणूस ‘नीट वाचून केलं होतं’ म्हणालं, तर मला एकदा उचला आणि खालचा कागद बघा. मला स्वतःहून बाजूला होता येत नाही.