कवळीकाकांचा चहा

कवळीकाकांना आजाराचा राग कधी आला नव्हता. कंपवात काय, कोणालाही होतो. पण ज्या गोळीने दोन्ही हात परत मिळवून दिले, तीच आता मान, खांदे, बोटं मनाला येईल तशी नाचवायला लागली, तेव्हा मात्र त्यांना दगा झाल्यासारखं वाटलं. दातांच्या कारखान्यात ते मेणाचे दात कोरायचे. परवा सुरी घसरली आणि कोणा बिचाऱ्या बाईच्या पुढच्या दाताचा टवकाच उडाला. मालक भला, म्हणून सोमवारपर्यंत थांबायला तयार झाला. तोवर हात ताळ्यावर आला नाही, तर काकांचं टेबल दुसऱ्याला.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. "काका, मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं, शरीर हलतं ते त्याच्या इशाऱ्यावर. गोळीतून तेच तयार होतं. पूर्वी तुमच्या पेशी ते साठवून बेताबेतानं सोडायच्या. आता त्या पेशीच फारशा उरल्या नाहीत. गच्चीवरची टाकी फुटली की कसं, पाणी आलं तर लोंढा, गेलं तर ठणठणाट. त्या लोंढ्यानं अंग असं वळवळतं. म्हणून तर मागच्या वेळी मी गोळी अर्ध्यावर आणली." मग त्या थबकल्या. "पण मग हे कमी व्हायला हवं होतं. वाढलं कसं? जास्त घेताय का?"

"छे हो! बायको स्वतः हातावर ठेवते," काका ऐटीत म्हणाले.

घरी आल्यावर बायकोने चहा दिला. तो संपला तेव्हा कपाच्या तळाशी पांढरा गाळ दिसला. काकांनी तो बोटावर घेऊन चोळला. सगळा जन्म प्लास्टर आणि पॉलिशच्या भुकटीत गेलेला. ही साखर नाही, हे बोटांना लगेच कळलं. लग्न झाल्यापासून तिच्या हातचा चहा त्यांनी कधी निरखून पाहिला नव्हता.

"हे काय आहे?"

तिने थोडी सारवासारव करून पाहिली, पण जमेना. "गोळी. एक अख्खी कुटून घालते."

"माझं टेबल जातंय, अगं! रोज तुला हे हात दाखवून रडतोय मी, आणि तू..."

"गोळी कमी केली आणि तुमचा चेहरा हलायचा थांबला. मी दिवसभर बडबडायचे, तुम्ही हूं नाही की चूं नाही. या गोळीवर निदान माझ्याकडे बघून हसता तरी."

"मग मला विचारायचंस!"

"विचारलं असतं तर तुम्ही टेबलच निवडलं असतं."

ते खरं होतं, आणि म्हणूनच काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. आजार परवडला, ते ओरडले, त्याने निदान गोड बोलून काही पाजलं नाही! हात भिरभिरला, कप खाली पडून फुटला. त्यांनी गोळ्यांची पाकिटं उचलून सदऱ्याच्या खिशात कोंबली. "उद्यापासून गोळ्या माझ्याकडे. आणि चहाही मीच करीन."

ती तुकडे गोळा करायला खाली बसली. "करा. पण भांडायचंय तेवढं आत्ताच भांडून घ्या," ती म्हणाली. "उद्यापासून तेवढंही बोलणार नाही तुम्ही माझ्याशी."

काकांनी तोंड उघडलं. शब्द ओठांवर भराभर आले होते, आणि ते कशाच्या जोरावर आलेत हे त्यांना कळलं. त्यांनी तोंड मिटलं आणि तिच्याकडे पाठ करून बसले. अंग तेवढं वळवळत राहिलं.